लंबक माझ्या मांडीवर होता

लग्नाला बारा दिवस झाले होते. दोघांची मिळून म्हणावी अशी एक गाडी होती, फक्त फोटोत पाहिलेल्या भाड्याच्या घराची किल्ली होती आणि मधे १,४६० किलोमीटरचा रस्ता होता. जड सामान आदल्या दिवशी ट्रकनं पुढं गेलं. गाडीतून न्यायचं ते तेवढंच, जे परक्याच्या हवाली करायला जीव धजावत नव्हता.

माझ्याकडून निघाली कागदपत्रांची फाइल, एक कुंडी आणि आईनं शिवलेली गोधडी. त्याच्याकडून हत्यारांची पेटी आणि आजोबांचं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ.

असं घड्याळ प्रवासाला न्यायचं तर आधी त्याचा लंबक काढून ठेवावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. लंबक ज्या पोलादी पट्टीला लटकतो ती कागदासारखी पातळ असते. लंबक तसाच ठेवला आणि गाडीचे हादरे बसले, तर ती पट्टी वाकते नाहीतर तुटते. त्यानं घड्याळाचं काचेचं दार उघडलं, लंबक दोन बोटांत धरून किंचित वर उचलला, आकड्यातून सोडवला, मऊ जुन्या कापडात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "हा तुझ्याजवळ ठेव." तळहाताएवढी पितळेची चकती, वर लांब दांडी, खाली नखाएवढी एक चाकी. हातात घेतल्यावर वाटला त्यापेक्षा जड लागला. पुढचे तीन दिवस, मी चालवत नसेन तेव्हा, तो माझ्या मांडीवर होता.

विमानानं दोन-अडीच तासांत पोचलो असतो आणि गाडी मागाहून मागवता आली असती. त्यानं तसं सुचवलंही होतं. रस्त्यानं जाऊया हा हट्ट माझा. नोकरी माझी होती, तिच्यासाठी दोघांनी आपापलं गाव सोडलं होतं, आणि आपण नेमकं किती लांब चाललो आहोत हे मला अंगाला कळायला हवं होतं. नकाशावर वीतभर दिसणारं अंतर पायांना, पाठीला, डोळ्यांना कळतं तेव्हाच ते खरं वाटतं. आजही मला तो हट्ट योग्यच वाटतो.

निघायच्या पहाटे गाडी भरून झाली आणि त्यानं आरशात पाहिलं, तर मागची अख्खी काच गोधडीनं झाकलेली. मी म्हटलं, चालेल, बाजूचे आरसे आहेत की. त्यानं काही न बोलता सगळं उतरवलं आणि पुन्हा भरायला घेतलं. हत्यारांची पेटी सगळ्यात खाली, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. घड्याळ आडवं, काच वरच्या बाजूला, दोन्हीकडून उशा. गोधडी उशांवर पसरून, खिडकीच्या रेषेच्या खाली. कुंडी माझ्या पायाशी. ताशी ८० किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, आणि आपण ब्रेक दाबतो तेव्हा फक्त गाडी थांबते. आतली मोकळी वस्तू त्याच २२ मीटरच्या वेगानं पुढं यायला बघते. हे त्यानं मला सांगितलं नाही. पेटीला दोरी बांधताना तो गाठ तीन वेळा ओढून बघत होता, त्यावरून मला समजलं की हा माणूस माझ्या डोक्यामागं काय ठेवतोय याचा विचार करतोय. तो अर्धा तास उशीर मला तेव्हा नकोसा झाला होता. नंतर मात्र कितीदा तरी आठवला.

चाकांची हवाही त्यानं निघायच्या आधी, टायर गार असताना बघितली. भरलेल्या गाडीला हवा जास्त लागते, किती ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. चालून चालून टायर तापले की आतला दाब आपोआप वाढतो. तेव्हा मोजून हवा कमी केली, तर गार झाल्यावर ती कमी पडते. बाबांनी मला गाडी शिकवली तेव्हा हे सांगितलं होतं, त्याला त्याच्या वडिलांनी. दोन घरांत वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेली तीच एक गोष्ट त्या अंधारात जुळली आणि मला उगाचच फार बरं वाटलं.

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या घडामोडींचा माणसावर किती भार पडतो याची एक यादी केली होती. सगळ्यात वर जोडीदाराचा मृत्यू, १०० गुण. राहतं घर बदलणं, २० गुण. आणि लग्न, ५०. त्यातली मला विशेष वाटणारी गोष्ट अशी की लग्न हेच त्यांचं माप होतं. लग्नाचा भार एवढा धरा आणि बाकीच्या घटना त्याच्याशी ताडून सांगा, असं त्यांनी लोकांना विचारलं होतं. निघायच्या आधी मी ही यादी कुठंतरी वाचली होती आणि मनातल्या मनात बेरीज केली होती. पण बेरजेत एक गोष्ट धरलेली नसते. घर बदलताना माणूस आधार म्हणून नेहमीच्या माणसाकडं बघतो. आमच्यापैकी कुणीच अजून दुसऱ्याचं नेहमीचं माणूस झालेलं नव्हतं. ओळख दोन वर्षांची होती. पण भेटीगाठींची ओळख आणि सलग बारा तास एका काचेमागं बसण्याची ओळख, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पहिल्या दिवशीचा सुरुवातीचा तास सोडला तर मला गाडी लागत होती.

लहानपणापासून लागते. चालवताना कधीच नाही, शेजारी बसल्यावर मात्र हटकून. यामागचं कारण साधं आहे. कानाच्या आतल्या भागात द्रव भरलेल्या बारीक नळ्या असतात, त्या मेंदूला सांगतात की आपण हलतोय, वळतोय. डोळे हातातल्या फोनवर असले की ते सांगतात, आपण जागच्या जागी आहोत. दोन साक्षी जुळत नाहीत आणि भोगावं लागतं पोटाला. चालवणाऱ्याला वळण येणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला बहुधा त्रास होत नाही. उपाय म्हणजे लांब क्षितिजाकडं बघत राहायचं. आणि मी नेमकं उलटं करत होते, कारण रस्ता सांगायचं काम माझ्याकडं होतं. फोनमधल्या बाईचा आवाज मीच बंद केला होता. त्याला रस्ता माझ्या आवाजात कळावा, अशी माझी इच्छा होती.

मी त्याला सांगितलं नाही. बाराव्या दिवशी नवऱ्याला "मला मळमळतंय" हे सांगायला एवढं काय जड जावं? पण गेलं खरं. हट्ट माझा, नोकरी माझी, त्यात वर माझंच पोट, असं वाटत राहिलं. मी काच दोन बोटं खाली घेत होते, लंबक घट्ट धरत होते, पितळ गार लागायचं. दुपारी "आता मी चालवते" म्हणाले आणि स्टिअरिंग हातात आल्यावर दहा मिनिटांत बरी झाले. त्याला वाटलं, मला गाडी चालवायची हौस आहे. दिवसभरात तीनदा जागा बदलल्या आणि मुक्कामी पोचलो तेव्हा तो खूश होता. "छान जमतंय की आपलं," म्हणाला. मी हो म्हटलं.

मुक्कामाच्या त्या रात्री मला झोप लागेना, तेव्हा मला बेर्टा बेंझ आठवली. मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केलेला आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे आपल्या आईच्या घरी, मोटारीनं गेली. सुमारे १०६ किलोमीटर. गाडी नवऱ्यानं, कार्ल बेंझनं बनवलेली, आणि त्याला न सांगता. ही गोष्ट बहुतेक वेळा धाडसाची म्हणून सांगितली जाते. इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, वाटेत इंधन म्हणून औषधांच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं, हे सगळं आहेच. मला त्यातला निराळाच भाग आवडतो. लग्नाच्या आधीच तिनं स्वतःच्या वाट्याची रक्कम कार्लच्या धंद्यात घातली होती, आणि ते वाहन खरोखर लांब जाऊ शकतं यावर तिचा त्याच्यापेक्षा जास्त विश्वास होता. विश्वास होता, तरी ती परत आली ती गाडीत काय काय कमी आहे ते सांगत. चढावर गाडी ओढत नाही, मुलांना उतरून ढकलावं लागलं, आणखी एक गिअर हवा. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजतात, त्यांना चामडं लावायला हवं. चामडं तर तिनं वाटेतच एका चांभाराकडून लावून घेतलं होतं. जिच्यावर जीव आहे तिच्यातलं कमीजास्त ती तोंडावर सांगत होती. आणि मी एका साध्या मळमळीवर पांघरूण घालून पडले होते.

तरी सकाळी सांगितलं नाहीच.

दुसऱ्या दिवशी साडेचारला उठलो. अंतर सगळ्यात मोठं त्या दिवसाचं होतं. अकराच्या सुमारास माझं पोट पुन्हा ढवळायला लागलं आणि मी फोन उपडा करून डोळे मिटले. फक्त दोन मिनिटं, असं ठरवून. डोळे उघडले तेव्हा वळायचा फाटा मागं राहिला होता. मधे दुभाजक, परत फिरायला जागा नाही. पुढची फट सापडून मूळ वाटेला लागेपर्यंत ५२ किलोमीटर वाढले, आणि त्यातलं बरंचसं अंतर खोदलेल्या रस्त्यावरून.

"बघत नव्हतीस का?" एवढंच तो म्हणाला. आवाजही चढवला नाही. पण "बघत होते" असं मी म्हणाले, आणि ते खोटं होतं, आणि त्याला ते खोटं आहे हे कळलं, आणि कळलंय हे मलाही कळलं. त्यानंतरचे दोन तास गाडीत कुणी नव्हतं असं म्हटलं तरी चालेल.

फोनला आपला ठावठिकाणा कसा कळतो, त्याची मी त्या दोन तासांत मनाशी उजळणी करत बसले, बोलता येत नव्हतं म्हणून. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सारखे आपली वेळ सांगत असतात. तो संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन प्रत्येकापासूनचं अंतर काढतो. जागा ठरवायला तीन अंतरं पुरायला हवीत. पण उपग्रहावरची घड्याळं अणूंच्या कंपनांवर चालणारी, अतिशय काटेकोर, आणि फोनमधलं घड्याळ साधं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणून चौथा उपग्रह लागतो. तो असतो फोनचं घड्याळ किती चुकतंय ते शोधायला. आपण कुठं आहोत हे कळायच्या आधी आपलं घड्याळ किती चुकलंय हे कळावं लागतं. मी मांडीवरच्या कापडाच्या गुंडाळीकडं बघत होते आणि आमच्या दोघांत चौथं कुणी नव्हतं.

त्या ५२ किलोमीटरनं दिवसाचं गणित विस्कटलं. खोली पुढच्या शहरात ठरलेली, ती गाठायचीच असं दोघांनी, न बोलताच, मनाशी धरलं होतं. अंधार पडला. सात वाजल्यापासून तो चालवत होता. साडेनऊला मी त्याच्याकडं पाहिलं तेव्हा तो डाव्या हातानं कानाची पाळी चोळत होता. चोळायचा, सोडायचा, थोड्या वेळानं पुन्हा. मग त्यानं पाठ सरळ केली. मग काच खाली घेतली. मग कुणी न सांगता गाणं मोठं केलं.

मला या खुणा माहीत नव्हत्या. दोन वर्षांत मी त्याला झोप आलेला कधी पाहिलाच नव्हता. आम्ही भेटायचो तेव्हा तो नेहमी जागा असायचा, हे वाक्य किती साधं आहे, पण त्या रात्री ते माझ्या अंगावर आलं. हा माणूस दमला की कसा दिसतो हेच मला माहीत नाही.

"झोप येतेय का?"

"नाही गं."

समोरच्या गाड्यांचे दिवे त्याच्या चेहऱ्यावरून सरकत होते. पुढचा एक दिवा सरकला तेव्हा त्याच्या पापण्या हलल्या नाहीत. उशिरा हलल्या.

झोप अनावर झाली की मेंदू काही सेकंद बंद होतो, डोळे उघडे असले तरी. चार सेकंद धरा. ताशी ८० च्या वेगात चार सेकंद म्हणजे ८८ मीटर, आणि तेवढं अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात, असं १९९७ साली प्रयोगांतून दिसून आलं होतं. साडेचारला उठलो होतो, साडेनऊ वाजले होते. बरोबर १७ तास. काच उघडून, गाणी लावून काही होत नाही, थोडा वेळ फक्त आपल्याला बरं वाटतं. झोपेला उतारा झोपेचाच.

मी म्हटलं, "मला मळमळतंय. कालपासून. सकाळी डोळे मिटले होते म्हणून फाटा चुकला. गाडी बाजूला घे."

हे कुठून आलं मला सांगता येणार नाही. त्याला थांबवायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, आणि नेमकं तेच खरं होतं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, पुन्हा रस्त्याकडं. दोनेक किलोमीटरवर एक पेट्रोल पंप लागला, उजेडाचा, चार ट्रक उभे होते. तिथं गाडी लावली. इंजिन बंद झालं आणि कान सुन्न झाले.

"मला सात वाजल्यापासून झोप येतेय," तो म्हणाला. "तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

त्यानं सीट मागं केली. गोधडी मागून ओढून मी त्याच्या अंगावर टाकली, आणि एका मिनिटात त्याचा श्वास बदलला. वीस मिनिटांचा गजर मी फोनवर लावला आणि फोन हातात धरून बसले.

त्या वीस मिनिटांतलं मला सगळं आठवतं. समोरच्या ट्रकखाली एक माणूस आडवा होऊन टॉर्चच्या उजेडात काहीतरी आवळत होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. पंपावरच्या पोरानं पाण्याचा पाइप गुंडाळून खुंटीला अडकवला. काचेवर किडे चिकटलेले होते, पिवळे ठिपके, त्यांच्या मधून रस्त्यावरचे लाल दिवे ओघळत जाताना दिसायचे. लंबक मांडीवर. कापडातून त्याची कड हाताला लागत होती. शेजारी एक माणूस माझ्या भरवशावर गाढ झोपला होता, आणि त्याचं तोंड किंचित उघडं होतं, लहान मुलासारखं. लग्नात आम्ही दोघांनी काय काय म्हटलं होतं ते सगळं त्या क्षणी मला शब्दशः आठवलं नसतं. पण त्या पंपावर मी जागी होते, तो झोपलेला होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की लग्न झालंय.

शेजारची सीट ही बसायची जागा आहे असंच मी तोवर धरून चालले होते. चालवणारा काम करतो, शेजारचा सोबत करतो. तसं नाही. शेजारच्यालाही डोळे उघडे ठेवावे लागतात, समोरच्या रस्त्यावर कमी आणि चालवणाऱ्यावर जास्त. आणि स्वतःला काय होतंय ते वेळेवर बोलावं लागतं, हा त्याच कामाचा भाग.

गजर वाजल्यावर तो उठला, तोंड धुऊन आला. पुढचे ४० किलोमीटर मी चालवली गाडी. माझं पोट, अर्थातच, ताबडतोब शांत. तो शेजारी बसून लंबक मांडीवर घेऊन म्हणाला, "यापुढं फक्त एक शब्द सांगायचा. तुला झालं तर 'पोट'. मला आली तर 'डोळे'. कारण द्यायचं नाही आणि विचारायचंही नाही. गाडी थांबवायची."

तिसऱ्या दिवशी 'पोट' तीन वेळा झालं आणि 'डोळे' एकदा, दुपारी दोनच्या सुमारास. जेवणानंतरच्या त्या वेळी शरीराचं आतलं घड्याळच जरा खाली येतं, जेवण असो वा नसो. रस्ता सांगायचं काम फोनमधल्या बाईला परत दिलं. त्यामुळं माझी नजर मोकळी झाली, आणि बोलणं सुरू झालं ते तेव्हा.

गाडीतलं बोलणं घरातल्या बोलण्यासारखं नसतं. कुणी कुणाकडं बघत नाही, दोघंही समोर बघतात. गप्प राहिलं तर ते रागाचं वाटत नाही, रस्ता आहेच ना बघायला. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पुढच्या ट्रकला ओलांडताना चालवणाऱ्याचं वाक्य अर्धं तुटतं. आरशात बघणं, इंडिकेटर, गिअर, बाहेर पडणं, परत आत येणं, यात दहा-बारा सेकंद जातात. मग वाक्य पुन्हा सुरू होतं, पण ते मघाच्याच शेवटाकडं जात नाही. तो म्हणत होता, "तुझी नोकरी पक्की झाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण मला खरंच..." आणि पुढं दोन ट्रक एकामागं एक. ते मागं पडले. मी वाट बघत होते की आता "आनंद झाला" असं येईल. तो म्हणाला, "...भीती वाटली. नाही म्हटलं तर तू थांबशील आणि मग कायम थांबलेलीच राहशील, अशी."

आणि नंतर, बऱ्याच अंतरानं, म्हणाला की त्याला तिथं कुणी ओळखत नाही याचं दडपण आलंय. काम त्याला कुठूनही करता येतं, म्हणून सगळ्यांनी धरलं की त्याचं काय, त्याला कुठंही चालेल. मीही तेच धरलं होतं. त्याच्या त्या एका "हो"मागं काय काय सोडलं गेलं याची मी साधी विचारपूस केली नव्हती. मी विचारायला सुरुवात केली. कोण मित्र, कुठला कट्टा, संध्याकाळी कुठल्या वाटेनं चालायला जायचास. तो सांगत गेला, मी ऐकत गेले, लांब क्षितिजाकडं बघत, पोटासाठीही आणि त्याच्यासाठीही.

चारनंतर रस्ता चढायला लागला. कानात दडे बसले, गिळलं की सुटायचे. नवं गाव आमच्या दोन्ही गावांपेक्षा बरंच उंचावर आहे. तो म्हणाला, घड्याळ तिथं मागं पडेल. मला गंमत वाटली, पण ते खरं आहे. उंचावर गुरुत्वाकर्षण अगदी किंचित कमी असतं, म्हणून लंबक अंमळ सावकाश हलतो आणि घड्याळ दिवसाला काही सेकंद मागं राहतं. त्यासाठीच ती खालची नखाएवढी चाकी. ती फिरवून चकती जराशी वर घेतली की लंबक आखूड होतो आणि वेग सावरतो. "आजोबांनी तीस वर्षांत ती चाकी हलवली नसेल," तो म्हणाला. मी कापड उलगडून बघितली. आट्यांमध्ये काळपट मळ बसला होता.

सूर्य मावळला तोही उशिरा. तीन दिवसांत आम्ही जवळजवळ ९ अंश पश्चिमेला सरकलो होतो, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे आमच्या जुन्या घरी सूर्य मावळून जवळजवळ ३६ मिनिटं झाली होती आणि आमच्या काचेवर अजून ऊन होतं. आईचा फोन आला, "दिवा लावला आत्ताच, कुठवर पोचलात?" मी म्हटलं, "इथं अजून उजेड आहे गं." ती क्षणभर थांबली. मीही थांबले. मला अंतर अंगाला कळायला हवं होतं ना, ते तेव्हा कळलं, घशाशी.

त्यानं काही विचारलं नाही. गाडी बाजूला घेतली. मी 'पोट' म्हटलं नव्हतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडल्यावर रिकाम्या खोल्यांचा वास आला, चुना आणि बंद हवा. ट्रक यायला अजून दोन दिवस होते. गोधडी जमिनीवर पसरली, कुंडी खिडकीत ठेवली, तिची तीन पानं वाटेत पिवळी पडली होती, बाकीची तग धरून होती. डोळे मिटले की रस्ता अजून अंगाखालून पळत होता. झोप येईना तेव्हा तो उठला. आधीच्या भाडेकरूचा एक खिळा बैठकीच्या भिंतीत होता. हलवून बघितला, पक्का होता.

घड्याळ टांगलं, मी लंबक दिला, त्यानं तो आकड्यात अडकवला आणि बोटानं हलकेच ढकलला. घड्याळ चालायला लागलं, पण लंगडत. टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं नव्हतं. एक पाऊल लांब, एक आखूड. घड्याळ भिंतीवर तसूभर तिरकं असलं तरी असं होतं, आणि तसंच सोडलं तर थोड्या वेळानं बंद पडतं. ते डोळ्यांनी जुळवता येत नाही, कानांनीच जुळवावं लागतं, आणि जो धरून उभा असतो त्याला स्वतःला नीट ऐकू येत नाही.

म्हणून मी खोलीच्या मध्यात, जमिनीवर, डोळे मिटून बसले.

"डावीकडं," मी म्हटलं. "अजून. नाही, फार झालं. थोडं परत."

टिक, टॉक. टिक, टॉक.

"थांब. हात काढ."

त्यानं हात काढले. दोघंही ऐकत राहिलो. मग त्यानं हत्यारांच्या पेटीतून पेन्सिल काढली आणि भिंतीवर, घड्याळाच्या बुडाला लागून, एक बारीक आडवी रेघ मारली.